एक गिनी, एक मत: बहिऱ्या मुलांच्या प्रवेशाची निवडणूक

व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये गरीब घरातल्या बहिऱ्या मुलाला निवासी शाळेत जागा मिळायची ती बऱ्याचदा मतांवर. मतदार म्हणजे संस्थेचे वर्गणीदार. वर्षातून एकदा-दोनदा निवडणूक व्हायची, उमेदवार मुलांची यादी छापली जायची, मते मोजली जायची आणि जितक्या जागा रिकाम्या तितकी वरची मुले आत घेतली जायची. बाकीची घरी परत. या व्यवहाराचे कागद शिल्लक आहेत. वार्षिक अहवाल, नियमावल्या, वर्गणीदारांच्या याद्या, उमेदवारांच्या याद्या, मतांसाठी छापलेली विनंतिपत्रे, वर्तमानपत्रांतल्या जाहिराती असे सगळे त्यात येते. काही जुने अहवाल स्कॅन होऊन आंतरजालावरही आले आहेत. एखाद्या मुलाचा प्रवेश या कागदांतून शोधायचा तर कोणत्या क्रमाने जावे लागते, कुठे वाट चुकते आणि वर्गणीदारांचा हात नेमका कुठे दिसतो, ते इथे लिहीत आहोत.

उदाहरणासाठी लंडनची संस्था घेऊ, कारण गरीब मुलांसाठीची ही तिथली सर्वांत जुनी सार्वजनिक शाळा. १७९२ मध्ये बर्मंडसी भागात ती सुरू झाली. रेव्हरंड जॉन टाउनसेंड, रेव्हरंड हेन्री कॉक्स मेसन आणि बँकर हेन्री थॉर्नटन हे तिचे संस्थापक, जोसेफ वॉटसन पहिले शिक्षक. वॉटसन यांनी हे काम थॉमस ब्रेडवूड यांच्याकडे शिकून घेतले होते. १८०९ मध्ये संस्था ओल्ड केंट रोडवरच्या मोठ्या इमारतीत गेली, पुढे १८७० च्या दशकात समुद्रकाठी मार्गेटला नवी इमारत झाली. ब्रेडवूड फी घेऊन श्रीमंतांची मुले शिकवत. टाउनसेंड यांना गरिबांची मुले शिकवायची होती, म्हणजे पैसा लोकांकडून उभा करायला हवा होता. मताचा हक्क आला तो या गरजेतून.

अहवाल हाती आला की मुलांची यादी उघडायचा मोह होतो. तो आवरून आधी नियमांचे पान वाचावे. त्यात तीन गोष्टी पाहायच्या: कोण पात्र, एक मत कितीला, आणि हरलेल्या उमेदवाराच्या मतांचे काय होते. या तिन्हींची उत्तरे संस्थेगणिक बदलतात. एका संस्थेचा नियम दुसरीला लावून हिशेब केला की सगळे आकडे चुकतात, आणि या विषयावरच्या लिखाणात हीच चूक सर्वांत जास्त आढळते.

पात्रतेच्या नियमांत वयाची अट पहिली. ओल्ड केंट रोडच्या संस्थेत शतकाच्या मध्याला साधारण साडेआठ ते साडेअकरा वर्षांचे मूल उमेदवार होऊ शकत असे, आणि निवडणूक सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत. म्हणजे तीन वर्षांची खिडकी, जेमतेम सहा संधी, आणि त्याही घरच्यांना संस्थेची माहिती वेळेवर लागली तरच. कॉर्नवॉलच्या खाणीत किंवा वेल्सच्या डोंगरात राहणाऱ्या कुटुंबाला कोणी पाद्र्याने सांगेपर्यंत मूल दहा वर्षांचे होऊन गेलेले असे. मग उरत त्या दोन-तीनच निवडणुका.

दुसरी अट बुद्धीची. मूल मंदबुद्धी नाही, त्याला फिट्स येत नाहीत, त्याला देवी येऊन गेल्या आहेत किंवा देवीची लस टोचली आहे, अशी प्रमाणपत्रे लागत. शिवाय जन्माचा किंवा बाप्तिस्म्याचा दाखला, पाद्र्याची आणि चर्चच्या पदाधिकाऱ्यांची शिफारस, आणि बऱ्याच संस्थांत कपड्यांचा खर्च देण्याची व वेळ आल्यास मुलाला परत नेण्याची कोणाची तरी लेखी हमी. ही हमी देणारा माणूस घरदार असलेला लागे. शेतमजुराच्या ओळखीत असा माणूस म्हणजे जमीनदार, पाद्री किंवा गावातला व्यापारी. म्हणून मतदान सुरू होण्यापूर्वीच, नुसता अर्ज भरताना, कुटुंबाला वरच्या वर्गातल्या कोणाच्या तरी दारात उभे राहावे लागत असे. वर्गणीदारांच्या प्रभावाची चर्चा बहुतेक जण मतांपासून सुरू करतात. आमच्या मते ती या अर्जापासून करायला हवी.

आता मताचा भाव. नेहमीचा दर असा की वर्षाला एक गिनी देणाऱ्याला प्रत्येक निवडणुकीत एक मत, आणि एकरकमी दहा गिनी देणाऱ्याला तहहयात एक मत. जास्त दिले की त्या पटीत मते वाढत. एक गिनी म्हणजे २१ शिलिंग. १८५०-५१ मध्ये जेम्स केअर्ड यांनी इंग्लंडभर फिरून शेतमजुरांच्या मजुरीची पाहणी केली, त्यात सरासरी आठवड्याला साडेनऊ शिलिंगच्या आसपास निघाली. म्हणजे एका मताची किंमत मजुराच्या दोन आठवड्यांच्या मजुरीहून जास्त. ज्यांची मुले शाळेत जायची त्यांच्यापैकी कोणाला मत नव्हते, आणि शिकून बाहेर पडलेल्या बहिऱ्या कारागिरांनाही वर्गणी भरल्याशिवाय ते मिळत नव्हते.

मते मिळवण्याच्या आणखीही वाटा होत्या. संस्थेसाठी चर्चमध्ये प्रवचन देऊन ठराविक रक्कम गोळा करून देणाऱ्या पाद्र्याला मते मिळत. मृत्युपत्रात संस्थेला रक्कम ठेवली गेली तर ती पोचती करणाऱ्या व्यवस्थापकाला काही ठिकाणी मताचा हक्क मिळे. स्त्रियांना आणि प्रतिष्ठितांना सभेला न येता दुसऱ्याच्या हाती मत पाठवता येई. त्यामुळे वर्गणीदारांच्या यादीत स्त्रियांची नावे कमी दिसली तरी त्यांचे महत्त्व कमी समजू नये. मते गोळा करण्याचे कष्टाचे काम पुष्कळदा त्यांनीच उचललेले असे.

एका सभासदाला नेमकी किती मते देता येत, हा मुद्दा जरा किचकट आहे. काही संस्थांत एका गिनीला एकच मत. काही ठिकाणी जितक्या जागा रिकाम्या तितकी मते, आणि ती विभागून द्यायची की सगळी एकाच मुलाच्या पारड्यात टाकायची हे सभासदाच्या मर्जीवर. दुसऱ्या पद्धतीत मुलाच्या नावापुढचा आकडा फुगलेला दिसतो. नियम न वाचता दोन संस्थांचे आकडे शेजारी ठेवले तर एकीकडे मुलांना हजारांनी आणि दुसरीकडे शेकड्यांनी पाठिंबा होता असे वाटते, प्रत्यक्षात माणसे सारखीच असू शकतात.

नियम समजले की उमेदवारांची यादी घ्यावी. दर ओळीत मुलाचे नाव, वय, गाव, बापाचा धंदा, घरातली एकूण मुले आणि त्यांतली बहिरी किती, याआधी किती निवडणुका लढवल्या आणि मागची शिल्लक मते किती, अशा प्रकारची माहिती असते. बाप वारलेला असेल तर तसे लिहिलेले असते. एकाच घरात तीन-चार मुले बहिरी असतील तर ती गोष्ट हमखास ठळक केलेली. ही माहिती गरजेची नोंद वाटते, पण ती मतदाराला उद्देशून लिहिलेली आहे हे विसरू नये. जे काळजाला भिडेल ते वर येते. बाप कामावर आहे, आई धडधाकट आहे, एकच मूल बहिरे आहे, अशा साध्या घराची ओळ यादीत फिकी पडते. त्या मुलाची शिकण्याची गरज मात्र इतरांइतकीच असते.

यादी छापली की खरे काम सुरू होई, ते मते मागण्याचे. इंग्लंडमध्ये याला कॅनव्हासिंग म्हणत. पद्धत अशी. प्रथम संस्थेच्या अहवालातून वर्गणीदारांची नावे व पत्ते उतरवून घ्यायचे. मग मुलाची हकिकत आणि शिफारस करणाऱ्या प्रतिष्ठितांची नावे असलेले एक कार्ड छापून घ्यायचे. ते वर्गणीदारांना टपालाने पाठवायचे, ओळखीपाळखीच्या माणसांकडून आठवण करून द्यायची आणि कोरी पण सही केलेली मतपत्रिका परत मागवायची. ज्यांना जमे ते वर्तमानपत्रात जाहिरातही देत.

खर्चाचा हिशेब करून पाहा. १८४० मध्ये पेनी पोस्ट आले आणि अर्ध्या औंसापर्यंतचे पत्र देशात कुठेही एका पेनीत जाऊ लागले. त्याआधी टपाल अंतराप्रमाणे महाग होते आणि पैसे बहुधा पत्र घेणाऱ्याने द्यायचे, त्यामुळे अनोळखी माणसाला मागणीचे पत्र पाठवणे अवघडच. पेनी पोस्टने हे काम आवाक्यात आणले. तरीही ३०० कार्डे पाठवायची तर ३०० पेनी, म्हणजे १ पौंड ५ शिलिंग, नुसते टपालालाच. वर छपाई, कागद, स्मरणपत्रे. उत्तर किती जण देतील याची खात्री नाही. पुढच्या निवडणुकीला पुन्हा तोच खर्च. केअर्ड यांच्या सरासरीने पाहिले तर नुसते टपाल म्हणजे मजुराची अडीच आठवड्यांहून जास्त मजुरी. म्हणून हा खर्च आईबाप करतच नसत. एखादी सधन बाई, एखादा पाद्री किंवा कारखानदार मुलाची बाजू हाती घेई आणि खर्च तोच करी. निकालपत्रातल्या वरच्या नावांमागे असा कोणीतरी असतो. त्याचे नाव शोधायचे तर शिफारस करणाऱ्यांची नावे आणि वर्गणीदारांची यादी एकमेकींशी ताडून पाहावी लागते. एकाच गावातल्या पाच-सात जणांनी निवडणुकीच्या वर्षीच नव्याने वर्गणी भरलेली दिसली, की कोणत्या मुलासाठी ती भरली याचा अंदाज बहुतेक वेळा बांधता येतो.

या ठिकाणी संस्थेचा फायदा नीट समजून घेतला पाहिजे. मते कमी पडत असतील तर पैसे भरून नवी मते घेता येत होती. एखाद्या आश्रयदात्याने वीस गिनी टाकल्या तर त्याच्या मुलाचे पारडे जड झाले आणि संस्थेच्या तिजोरीत वीस गिनी आल्या. चुरस जितकी तीव्र तितकी आवक जास्त. चिटणीस मंडळी या पद्धतीला इतकी वर्षे चिकटून राहिली ती याचमुळे. त्यांना दुष्ट ठरवणे बरोबर नाही. सरकारी अनुदान नव्हते, मुलांना जेवायला घालायचे होते, शिक्षकांचे पगार द्यायचे होते, आणि मत काढून घेतले तर वर्गणी आटेल अशी भीती त्यांना खरोखरच होती. पण त्या भीतीची किंमत शाळेबाहेर राहिलेल्या मुलांनी मोजली.

मतांची अदलाबदलही चाले. लंडनमध्ये अनाथालये, दुर्धर रोग्यांची रुग्णालये, मंदबुद्धी मुलांचे आश्रम अशा अनेक संस्था याच पद्धतीवर चालत. एखाद्याकडे अनाथालयाची मते असली आणि हवी असली बहिऱ्यांच्या शाळेची, तर तो अदलाबदल करी. दोन्ही संस्थांच्या मताचा भाव वेगळा असेल तर एकाला दोन असा सौदा होई. निवडणुकीच्या दिवशी सभागृहात टेबले मांडून अखेरच्या क्षणापर्यंत हे चाले. अशा सौद्यात दिलेले मत त्या मुलाची ओळसुद्धा न वाचता दिलेले असे. निकालाच्या कागदावर ते इतर मतांसारखेच दिसते, त्यामुळे मतांचा मोठा आकडा म्हणजे मोठी सहानुभूती असे म्हणणे धोक्याचे आहे.

मोजणीचा सगळ्यांत महत्त्वाचा नियम शिल्लक मतांचा. पुष्कळ संस्थांत हरलेल्या मुलाची मते पुढच्या निवडणुकीत त्याच्या खात्यावर जमा राहत. वरवर हे न्याय्य वाटते. परिणाम पाहण्यासाठी एक कल्पित हिशेब करू. समजा जागा दहा आणि उमेदवार चाळीस. पहिल्या वेळी दहाव्या मुलाला ४०० मते पडली. अकराव्या मुलाची ३९० शिल्लक राहिली, त्यामागच्यांची ३५०, ३०० अशी. पुढच्या खेपेला या सगळ्यांनी आणखी दोन-दोनशे मिळवली की आत जायला साडेपाचशेही पुरत नाहीत. उंबरठा दर निवडणुकीला वर सरकतो. नव्याने आलेल्या मुलाला पहिल्याच वेळी इतकी मते मिळवणे जवळजवळ अशक्य होते, आणि ते मूल अकरा वर्षांचे असेल तर त्याला दुसरी-तिसरी वेळ मिळणारच नसते. वय उलटले की साचलेली मते बाद होत. तीनशे लोकांनी मत दिलेले मूल शाळेबाहेर आणि त्या मतांचा कोणालाच उपयोग नाही, अशी स्थिती. जागा वाढल्या तरच हा पेच सुटला असता. जागा किती भरायच्या हे तर समिती ठरवी, वर्षाच्या जमाखर्चाकडे बघून.

निवडणुकीशिवाय आत जाण्याची वाटही होती. ज्यांना परवडे त्यांची मुले मुख्य शिक्षकाकडे खासगी विद्यार्थी म्हणून राहत. १८२९ मध्ये बॅरिस्टर झालेले जॉन विल्यम लोव हे बहिरे होते आणि जोसेफ वॉटसन यांचे खासगी विद्यार्थी होते. प्रवेशांचा अभ्यास करताना हे विद्यार्थी वेगळे काढावे लागतात, नाहीतर संस्थेच्या यशाच्या कहाण्या मतांवर आलेल्या मुलांच्या खात्यावर जातात. तिसरी वाट गरीब कायद्याच्या पालक मंडळांची, म्हणजे गरिबांना सार्वजनिक पैशातून मदत देणाऱ्या स्थानिक मंडळांची. १८६२ च्या कायद्याने त्यांना प्रमाणित शाळांत मुले पाठवून त्यांचा खर्च देता येऊ लागला. पण देणे ऐच्छिक होते, एक मंडळ देई, शेजारचे देत नसे, आणि पालक मंडळाकडे हात पसरणे म्हणजे भिकारी ठरणे असे मानणारे आईबाप तिकडे जायला कचरत.

देणगीदारांचा आणखी एक प्रभाव मतांच्या आकड्यांत दिसत नाही. त्यांना परिणाम दिसायला हवा असे. बर्मिंगहॅममध्ये १८१२ मध्ये डॉक्टर द लिस यांनी जेन विल्यम्स या बहिऱ्या मुलीला शिकवून व्याख्यानात लोकांपुढे आणले आणि तिथली शाळा उभी राहिली. डब्लिनमध्ये १८१६ मध्ये डॉक्टर चार्ल्स ऑर्पेन यांनी थॉमस कॉलिन्स या मुलाला पुढे आणून क्लेरमाँटच्या शाळेसाठी पाठिंबा मिळवला. पुढे वार्षिक सभेत मुलांनी पाटीवर उत्तरे लिहून दाखवणे ही रीतच झाली. श्रोत्यांनी प्रश्न द्यायचा, मुलाने लिहायचे, टाळ्या, मग वर्गणी. ज्या शाळेचे उत्पन्न अशा कार्यक्रमावर अवलंबून, तिला चटपटीत मुले हवी असणे स्वाभाविक होते. बुद्धीची अट कडक ठेवणे आणि आत आल्यावर शिकण्याच्या लायक न वाटलेले मूल घरी परत पाठवणे, या दोन्ही गोष्टी आम्ही याच्याशी जोडून वाचतो. ज्या काळात बहिरेपण आणि मंदबुद्धी यांत फरक करणारी चांगली तपासणी नव्हती, त्या काळात किती हुशार मुले या चाळणीत गळली असतील याचा विचार करून वाईट वाटते.

धर्माचीही चाळणी होती. क्लेरमाँट प्रोटेस्टंटांची, म्हणून आयर्लंडच्या कॅथलिकांनी १८४६ मध्ये काब्रा इथे मुलींची वेगळी शाळा काढली. वर्गणीदार कोणत्या पंथाचे त्यावर मुलाला कोणती प्रार्थना शिकवली जाणार ते ठरे, आणि कॅथलिक आईबापांपुढे शाळा की श्रद्धा असा प्रश्न उभा राही. अटलांटिकपलीकडे वेगळी रीत पडली. अमेरिकेतली हार्टफर्डची शाळा १८१७ मध्ये देणग्यांवरच सुरू झाली, पण मॅसॅच्युसेट्ससारखी राज्ये लवकरच आपल्या मुलांचा खर्च सरकारी तिजोरीतून देऊ लागली.

इंग्लंडात विरोध संघटित झाला तो १८७० च्या दशकात. धर्मादाय संस्थांतली मतदानपद्धत सुधारण्यासाठी स्वतंत्र संघटनाच निघाली. सर चार्ल्स ट्रेव्हेलियन त्यात पुढे होते. हे मेकॉलेचे मेहुणे, काही काळ मद्रासचे गव्हर्नर. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीही या पद्धतीवर कडक टीका केली. मागणी साधी होती: चौकशी करून समितीने निवड करावी आणि वर्गणीदारांनी मते समितीच्या स्वाधीन करावीत. समितीवरही वर्गणीदारच होते, म्हणजे प्रभाव पूर्ण गेला नसता. पण आईबापांवरचा मते मागण्याचा बोजा तरी उतरला असता.

बहिऱ्या मुलांपुरता प्रश्न सुटला तो वेगळ्या दिशेने. लंडन स्कूल बोर्डाने, म्हणजे शहराच्या सार्वजनिक शाळा चालवणाऱ्या मंडळाने, १८७४ मध्ये रेव्हरंड विल्यम स्टेनर यांच्या हाताखाली दिवसाचे वर्ग सुरू केले. तिथे मते लागत नव्हती. १८८९ मध्ये या प्रश्नावरच्या रॉयल कमिशनचा, म्हणजे सरकारी चौकशी आयोगाचा, अहवाल आला, स्कॉटलंडसाठी १८९० मध्ये आणि इंग्लंड-वेल्ससाठी १८९३ मध्ये कायदा झाला. सात ते सोळा वर्षांच्या बहिऱ्या मुलांचे शिक्षण सक्तीचे ठरले आणि ते पुरवणे स्थानिक शिक्षण अधिकाऱ्यांचे कर्तव्य झाले. जुन्या संस्थांना मुलामागे रक्कम मिळू लागली आणि तपासनीस येऊ लागले.

निवडणुकीत हरलेल्या मुलांचा माग काढणे सर्वांत अवघड, पण अशक्य नाही. १८५१ पासूनच्या जनगणनेत अंध आणि मूकबधिर व्यक्तींसाठी रकाना आहे. उमेदवारांच्या यादीतले नाव, वय आणि गाव घेऊन पुढच्या जनगणनेत ते घर शोधावे. रकाना कधी कोरा सोडलेला असतो, वय एक-दोन वर्षांनी चुकलेले असते, आडनावाचे स्पेलिंग बदललेले असते, म्हणून भावंडांच्या नावांवरून घराची खात्री करून घ्यावी. ते मूल शाळेच्या जनगणनेत सापडले तर नंतरच्या एखाद्या निवडणुकीत जिंकले किंवा पालक मंडळाने पाठवले असे समजावे आणि त्या वर्षांचे अहवाल उघडावेत. घरीच सापडले, तर धंद्याचा रकानाही वाचावा, आणि त्याच घरातले धाकटे बहिरे भावंड पुढच्या यादीत उमेदवार म्हणून उभे आहे का तेही पाहावे.